नऊ नंबरचं कपाट

मिस्त्रींचा एक नियम होता. पुस्तक हातात घेतलं की आधी नाव वाचायचं नाही. आधी ते मिटलेलंच आडवं धरायचं आणि पानांच्या कडेकडे बघायचं.

चाळीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम केलेल्या माणसाला वापर कळतो. खुर्चीच्या हातावरून बसणारा कुठल्या अंगाला रेलतो ते कळतं. जिन्याच्या कठड्यावरून घरात कुणाचे गुडघे गेलेत तेही कळतं. पुस्तकाचं तसंच. वाचणाऱ्यांची बोटं लागून लागून पानांची कड काळवंडते. पहिल्या तीस पानांपर्यंत काळी आणि पुढे पांढरीशुभ्र असली, म्हणजे लोक दारातूनच परतले. शेवटपर्यंत सारखी मळलेली असली, म्हणजे माल टिकाऊ. मध्येच एखादी जास्त काळी रेघ दिसली, तर तिथे काहीतरी आहे, लोक पुन्हा पुन्हा तिथे गेलेत. मिस्त्री सरळ ती रेघ उघडत, दोन पानं वाचत आणि मग पहिल्या पानावर येत. या रीतीने त्यांना अशी पुस्तकं सापडली होती, ज्यांची नावं त्यांनी जन्मात ऐकली नव्हती आणि ऐकली असती तर हातात धरली नसती. पाचशे पानांचं मधमाश्यांवरचं पुस्तक त्यांनी केवळ कडेच्या भरवशावर वाचलं होतं.

वाढदिवसाला लेक त्यांना मोठ्या पुस्तकांच्या दुकानात घेऊन गेली. ती बँकेत मॅनेजर होती आणि बापाला काय लागतं ते तिला बापापेक्षा जास्त कळत असे. दुकान गारेगार होतं. आत कॉफी मिळत होती, बसायला सोफे होते. लोक पुस्तकांचे फोटो काढत होते आणि पुस्तकं परत ठेवत होते. मिस्त्रींनी एक पुस्तक उचललं, आडवं धरलं. वर प्लास्टिक. दुसरं उचललं. त्यालाही प्लास्टिक.

दुकानातल्या माणसाला त्यांनी विचारलं की हे काढता येईल का. तो अदबीने म्हणाला की विकत घेतल्यावर काढता येतं.

"मग घ्यायचं की नाही ते कसं कळायचं?"

"मागे लिहिलेलं असतं ना, काका."

मिस्त्रींनी मागचं वाचलं. एकदा हातात घेतलं की खाली ठेववत नाही, असं लिहिलं होतं. शेजारच्या पुस्तकावरही तेच होतं. त्या टेबलावर तशी साठेक पुस्तकं होती आणि सगळी खालीच ठेवलेली होती.

लेकीने अकरा पुस्तकं घेतली. बापाकडूनच करून घेतलेल्या तिच्या दिवाणखान्यातल्या फळीवर बरोबर अकरा बसत होती, आणि सगळी फिकट निळी होती, कारण सोफा फिकट निळा होता. घरी आल्यावर ती आईला म्हणाली की बाबांना तिथलं काहीच आवडलं नाही. मिस्त्री चप्पल काढत म्हणाले, "काही बघू दिलं असतं तर आवडायचा प्रश्न."

दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे ग्रंथालयात गेले.

ग्रंथालय घरापासून चार मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. पुढच्या दालनात 'नवीन आगमन' अशी पाटी लावलेली मांडणी होती. त्यावरची निम्मी पुस्तकं अध्यक्षांच्या मित्रांनी लिहिलेली होती. ती इतकी कोरी होती की त्यांच्या कडेने बोट कापलं असतं. आठ कपाटं दालनात, आणि नववं मागे बोळात, नळाशेजारी. तिथे जुनी, बाइंडिंग उसवलेली, कुणी कधी दिली ते कुणालाच आठवत नाही अशी एकशे साठ पुस्तकं होती. कडा बघाल तर एकेक कड चहाच्या रंगाची. मिस्त्रींनी घरून लाकडाचं एक स्टूल करून आणलं होतं. ते कपाटासमोर ठेवून मिस्त्री सहा वर्षं तिथे बसत आले होते. ब्याण्णव पुस्तकं वाचून झाली होती. अडुसष्ट उरली होती, आणि माणूस एकाहत्तर वर्षांचा झाला असताना अडुसष्ट पुस्तकं उरलेली असणं ही त्यांना मोठी सोय वाटत असे.

त्यांनी यातलं एकही पुस्तक कधी घरी नेलं नाही. ही कारखान्याची सवय. हत्यार बाहेर न्यायचं तर सही करा, परत आणताना तपासून घ्या, हजार भानगडी. त्यापेक्षा बाकावर काम करायचं आणि जिथलं हत्यार तिथेच ठेवून जायचं. मिस्त्री आधी नळावर हात धुवत, पुसत, मगच पुस्तक काढत. जाताना त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवत. त्यामुळे सहा वर्षांत कुणाच्या वहीत त्यांचं नाव नव्हतं आणि कुठल्याही कडेवर त्यांचा डागसुद्धा नव्हता. याचा त्यांना अभिमान होता.

मंगळवारी जिन्यात सूचना लागली. ग्रंथालयाचा कायापालट करायचं कार्यकारी मंडळाने मनावर घेतलं होतं. गेल्या पाच वर्षांत ज्या पुस्तकावर देवघेवीचा शिक्का पडलेला नाही ते निरुपयोगी समजून शनिवारी रद्दीत काढण्यात येईल. खाली अध्यक्षांची सही होती. ती पानाच्या निम्म्या रुंदीची होती.

मिस्त्री बोळात गेले, एक पुस्तक काढलं, मागची चिठ्ठी बघितली. शेवटचा शिक्का चौदा वर्षांपूर्वीचा. दुसऱ्याचा सतरा. तिसऱ्याच्या चिठ्ठीला डिंकसुद्धा उरला नव्हता. मग ते ग्रंथपालबाईंच्या टेबलापाशी गेले. बाई सत्तावीस वर्षं तिथे होत्या आणि त्यांनी चार अध्यक्ष बघितले होते.

"बाई, ती पुस्तकं मी वाचतो."

"मला माहीत आहे हो. कागदाला माहीत नाही."

"अर्ज देतो. सहा वर्षं रोज येतोय, तुम्ही साक्षीला आहात."

"अध्यक्षांना शिक्का दिसतो, मिस्त्री. तुम्ही नाही दिसत. आणि मीही क्वचितच दिसते."

मिस्त्री घरी येऊन जेवायला बसले आणि जेवले नाहीत. बायकोने दोनदा वाढलं आणि तिसऱ्यांदा विचारलं की कोण गेलं. त्यांनी सांगितलं. बायको चौथीपर्यंत शिकलेली आणि व्यवहारात पदवीधर. ती म्हणाली की यात अवघड काय आहे, आणा एकेक घरी आणि मारून घ्या शिक्के. मिस्त्री म्हणाले की वाचलेल्यांवर मारून घेता येतील, ते कष्ट मी केलेत. न वाचलेल्यांवर कसे मारायचे? रंधा न मारता पॉलिश केल्यासारखं होईल ते.

"अहो, तो शिक्का नेल्याचा असतो की वाचल्याचा?"

मिस्त्रींनी विचार केला. "नेल्याचा."

"मग माझ्या कार्डावर न्या. मी वाचणार असं मी कधी कुणाला म्हटलंय?"

बायकोचं कार्ड खरंच होतं. सभासदसंख्या वाढवण्याच्या मोहिमेत मागच्या अध्यक्षांनी सगळ्या सभासदांच्या बायकांना कार्डं वाटली होती. त्या कार्डावर तिने आजवर एकदाच काही नेलं होतं, आणि ती छत्री होती.

एका कार्डावर एका वेळी दोन पुस्तकं मिळत. बुधवारी सकाळी दार उघडल्या उघडल्या नवरा-बायको हजर. मिस्त्रींनी वाचलेल्यांपैकी दोन घेतली, बायकोने न वाचलेल्यांपैकी दोन. बाईंनी शिक्के मारले. बायको म्हणाली की इथेच बाकावर पाच मिनिटं बसू आणि परत करू. मिस्त्रींना ते पटलं नाही. नेलं असा शिक्का असेल तर ते गेलं पाहिजे. चार मिनिटं घर, चार मिनिटं परत, बावीस पायऱ्या चढून, बावीस उतरून. पुस्तक घरच्या टेबलावर ठेवायचं, हात काढायचा, मग उचलायचं.

"टेबलाला वाचून दाखवताय का?" बायकोने तिसऱ्या फेरीला विचारलं. पण ती चालत होती.

दुपारपर्यंत शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवून विचारलं की घर बदलताय की काय. बायकोने सांगितलं की नाही, डोकं बदलतोय. गुरुवारी तिने पिशवी आणली आणि आपल्या चौतीस फेऱ्यांमधल्या उरलेल्या सगळ्या नेटाने केल्या. मिस्त्रींच्या वाट्याला सेहेचाळीस होत्या. शुक्रवारी त्यांचा उजवा गुडघा बोलायला लागला, तेव्हा ते जिना आडवं पाऊल टाकून उतरू लागले, पण एकही पुस्तक जिन्यातून माघारी नेलं नाही. बाई शिक्क्यांमागून शिक्के मारत होत्या. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी शाईची नवी डबी उघडली आणि म्हणाल्या की जुनी डबी मी नोकरीला लागले तेव्हाची होती.

शनिवारी सकाळी दहाला मिस्त्रींनी शेवटचं पुस्तक जागेवर ठेवलं. अकराला मंडळ आलं. पाच माणसं, एक कॅमेरावाला आणि मागे पोती घेतलेला रद्दीवाला. अध्यक्षांनी थेट नऊ नंबरचं कपाट गाठलं, कारण भाषणात तेच होतं. पहिलं पुस्तक काढलं, चिठ्ठी बघितली, भुवया वर गेल्या. दुसरं काढलं. तिसरं. वीसेक बघून झाल्यावर त्यांनी बाईंना बोलावलं. सगळे शिक्के याच आठवड्यातले कसे, असं एका सदस्याने विचारायला तोंड उघडलं होतं. पण अध्यक्ष तोवर कॅमेऱ्याकडे वळले होते.

ते म्हणाले की वाचनसंस्कृती संपली असं ओरडणाऱ्यांनी इथे येऊन बघावं. आपल्या एका सूचनेने एकशे साठ पुस्तकं चार दिवसांत वाचकांच्या घरोघरी पोचली. टाळ्या झाल्या. रद्दीवाल्यानेही पोती काखेत धरून वाजवल्या. त्यातलं एक घर तिथेच स्टुलावर बसून गुडघा चोळत होतं.

मग अध्यक्षांनी निर्णय जाहीर केला. एवढी मागणी असलेली पुस्तकं उघड्यावर ठेवणं धोक्याचं. कपाटाला दार हवं, दाराला कुलूप हवं, किल्ली अध्यक्षांकडे. बाईंच्या टेबलावर नावांची यादी राहील. वाचकाने यादीतलं नाव सांगून अर्ज करावा, अध्यक्ष दर गुरुवारी येऊन पुस्तक काढून देतील.

मिस्त्री उठून उभे राहिले. त्या अडुसष्टांपैकी त्यांना एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. बायकोच्या हातात होती तेव्हाही त्यांनी मुद्दामच बघितलं नव्हतं. जे वाचायचंय त्याची चोरून चव घ्यायची नसते. नाव बघून पुस्तक मागायचं म्हणजे ते प्लास्टिकच झालं, फक्त सागवानी.

"दाराचं काम मिस्त्रीच करतील की," बाई मध्येच म्हणाल्या. "ते नेहमी इथेच असतात."

अध्यक्षांना ते तेव्हा दिसले. मिस्त्रींनी विचारलं की कुलूप कसं हवं. अध्यक्ष म्हणाले की चोख, ओढून उघडता कामा नये.

"आणि बिजागऱ्या?"

"ते तांत्रिक आहे. ते तुम्ही बघा."

घरी बायको म्हणाली की बसवा ढिलं, आठ दिवसांत पडेल. मिस्त्री म्हणाले की माझ्या हातून ढिलं बसत नाही, हात ऐकत नाही. आणि दोन दिवस खपून त्यांनी दार केलं. चौकट काटकोनात, फळी एकसंध, कुठे केसभर फट नाही. कडी-कोयंडा जाड पत्र्याचा, त्याचे स्क्रू दार मिटल्यावर झाकले जातील असे. बुधवारी अध्यक्ष आले, त्यांनी कुलूप लावलं, दोन्ही हातांनी ओढून बघितलं, एक पाय कपाटाला लावूनही ओढून बघितलं. दार हललं नाही. असं काम आजकाल होत नाही, असं म्हणून त्यांनी किल्ली खिशात टाकली.

ते जिना उतरून गेल्यावर मिस्त्रींनी नळावर हात धुतले, पुसले आणि कपाटाच्या दुसऱ्या अंगाला गेले. बिजागऱ्या तीन होत्या, सुट्या खिळ्यांच्या. साफसफाईला दार काढावं लागतं अशा कपाटांना कारखान्यात त्याच लावत. त्यांनी खिळ्यांना तेल दिलेलं होतं. दोन बोटांनी धरून एकेक खिळी वर ओढली, खिशात ठेवली, आणि दार कुलपाला लटकून उलट्या बाजूने हातभर उघडलं.

त्यांनी एक पुस्तक काढलं, आडवं धरून कड बघितली. शेवटपर्यंत सारखी मळकी, मधे दोन काळ्या रेघा. ते घेऊन आधी ते बाईंच्या टेबलाशी गेले आणि कार्ड पुढे केलं.

बाईंनी पुस्तकाकडे बघितलं, मग बोळाकडे. "कपाट बंद आहे ना?"

"ओढून बघा."

बाई उठल्या नाहीत. त्यांनी शिक्का मारला. मिस्त्रींनी बोळात जाऊन खिळ्या परत बसवल्या, पुस्तक पिशवीत घातलं आणि कठडा धरून बावीस पायऱ्या उतरायला लागले.