वरच्या एकोणीस पायऱ्या

माझ्या मामीइतकी हट्टी बाई अख्ख्या मुंबईत दुसरी नसेल, आणि असलीच तर ती नगरसेविका म्हणून निवडून तरी आलेली नसेल. मामी आली. भांडुपच्या टेकडीवरचा त्यांचा वॉर्ड सोडतीत महिलांसाठी राखीव झाला आणि आयुष्यभर पक्षाच्या सतरंज्या उचलणाऱ्या मामाचं तिकीट मामीच्या पदरात पडलं. मामाला त्याचं काही वाईट वाटलं नाही, कारण निवडून ती येणार आणि कारभार आपण बघणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्याने कागदांचा गठ्ठा सहीसाठी तिच्यापुढे ठेवला. मामीने चष्मा लावला, जमिनीवर बसकण मारली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. दुपारपर्यंत सात कागद झाले, त्यातले तीन तिने परत पाठवले आणि मान वर न करता मामाला कुकर लावायला सांगितलं. मामा त्या दिवशी कुकर लावायला शिकला. आता बरा लावतो.

तिच्या कारभाराचे किस्से सांगावे तेवढे थोडे आहेत. वरच्या आळीला पाणी चढत नाही ही तक्रार घेऊन ती वॉर्ड ऑफिसात गेली, तेव्हा तिथल्या इंजिनिअरने कागदावरचा दाब दाखवून पाणी चढतंच असं तिला ठासून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, त्याला टेकडीवर चहाला बोलावलं आणि पायथ्याशी त्याच्या हातात भरलेली कळशी दिली. तो बिचारा धापा टाकत वर पोचला तेव्हा अर्धी कळशी त्याच्या पँटवर होती. चहा मात्र तिने आलं घालून दिला. पुढच्या आठवड्यात पाणी चढलं. बाकीचे नगरसेवक बाकांवर, कमानींवर, बसथांब्यांवर आपली नावं रंगवतात. मामीने आपलं नाव आणि फोन नंबर गटारांच्या भिंतींवर रंगवून घेतला. तुंबलं की शिव्या कुणाला घालायच्या हे लोकांना कळायला नको का, असं तिचं म्हणणं. लोकांना ते लगेच कळलं, आणि पावसाळ्यात मामीच्या घरी जेवायला बसणं मुश्कील झालं.

मग मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. गटारं तुंबत राहिली, फोन येत राहिले, मामी ऑफिसात जाऊन भांडत राहिली. एकदा कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत तिच्या नावाआधी 'माजी' छापून आलं. पत्रिका मीच घेऊन गेलो होतो, त्यामुळे तोफेच्या तोंडी मीच सापडलो.

"मला पाडलं कोणी ते सांग आधी. निवडणूकच घेतली नाही तर मी माजी कशी रे?"

तिने पेनाने तो शब्द खोडला आणि मगच पत्रिका देवापुढे ठेवली.

शेवटी निवडणुका आल्या. इच्छुकाने आपला कार्यअहवाल छापायचा ही रीत. गुळगुळीत कागद, हात जोडलेला फोटो, आत झालेल्या कामांची यादी. मामीने सांगितलं आणि मी टाइप केलं. यादी संपल्यावर मी लॅपटॉप मिटणार, तर ती म्हणाली, नवीन पान घे. त्या पानाचं नाव होतं 'न झालेली कामं'. त्यात अकरा कामं होती आणि पहिलंच होतं, 'टेकडीवरच्या शेवटच्या एकोणीस पायऱ्यांचा कठडा. चूक माझी.'

चूक खरोखरच तिची होती. टेकडीच्या शेंड्यावर तिच्याच गावची एक म्हातारी आजी राहते. तिला उतरताना धरायला काहीतरी हवं, म्हणून मामीने पायऱ्यांना लोखंडी कठडा मंजूर करून घेतला. दुसऱ्याच्या मोजणीवर तिचा विश्वास नाही, म्हणून पायऱ्या मोजायला स्वतः चढली. पण मामी आणि मुकाट्याने चढणार? दर चार घरांमागे कुणी नळाचं बोलायला थांबवलं, कुणी सरबत पाजलं, कुणी सुनेबद्दल गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक थांब्यानंतर तिने आठवेल त्या आकड्यापासून पुढे मोजलं. कठडा तिच्या आकड्याबरहुकूम आला आणि आजीच्या दाराच्या एकोणीस पायऱ्या खाली संपला. उरलेला मंजूर व्हायच्या आत मुदत संपली.

पक्षाचा माणूस घरी आला. अहवाल चाळून त्याने फार गोडीने सुचवलं, की मॅडम, हे एवढं पान काढा, तिकीट तुमचंच समजा. मामाने आशेने मामीकडे पाहिलं.

"पुस्तक माझं, चूकपण माझी," मामी म्हणाली. "हे पान काढून आजीच्या दारात मतं मागायला कुठल्या तोंडाने जाऊ? चहा घ्या, थंड होतोय."

तिकीट दुसऱ्याला गेलं. मामीने तरीही सगळे अहवाल घरोघर वाटले, त्या पानासकट. निवडणुकीला उभी नसताना कार्यअहवाल वाटणारी बाई लोकांनी पहिल्यांदाच पाहिली. मी तिला वेड्यात काढलं, आणि तिने मला उरलेला गठ्ठा दिला वाटायला.

परवा संध्याकाळी गेलो तर ती घरी नव्हती. मामाने हाताने वर दाखवलं, तसा मी कठडा संपतो तिथपर्यंत चढलो. रोज पाचला ती टेकडी चढते, आजीला दंडाला धरून एकोणीस पायऱ्या उतरवते आणि तिचा हात कठड्यावर ठेवते. आता मामीचेही गुडघे दुखतात, त्यामुळे दोघींतलं कोण कुणाला धरतंय हे मला खालून नीट कळेना. आजीला तिकीट, पक्ष, मुदत यातलं काही ठाऊक नाही. तिच्या लेखी नगरसेविका एकच.

"वरचो कठडो कधी येतलो गो?" तिने विचारलं.

मला वाटलं, आता मामी ऑफिसातल्या सगळ्यांचा उद्धार करणार. पण तिने आजीच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

"येतलो गे आजी," ती म्हणाली. "तवसर मी आसंय."

मी खाली उभा राहून नुसता बघत होतो. मग वर चढलो आणि आजीचा दुसरा हात धरला.