सरपंचबाईंचा रविवार

तो रविवार आजही आठवतो. आठवला की आधी तोंडाला चव येते आणि मग लाज वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका हादरलो नव्हतो. या प्रकरणात तर गुन्हाच नव्हता.

मी तेव्हा वेल्हे भागातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. खोऱ्यातल्या एका गावचे माजी सरपंच बुलेटवरून आले आणि त्यांनी लेखी अर्ज दिला. त्यांच्या गावच्या विद्यमान सरपंचबाई दर रविवारी पानशेतजवळच्या एका हॉटेलमालकाकडून रोख रक्कम घेतात, असं त्यात म्हटलं होतं. त्याच मालकाला या गावात दुसरं हॉटेल काढायचं होतं. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला मागणारा त्याचा अर्ज पडून आहे, असंही लिहिलं होतं.

"साहेब, तीन हजार मानधनात कोन सरपंच भागवतो? बाईनं दुकान मांडलंय," माजी सरपंच म्हणाले. हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं.

अशी प्रकरणं लाचलुचपत खात्याची. पण अर्जात पैसे मागितल्याचा पुरावा नव्हता, निव्वळ संशय होता. प्राथमिक चौकशी करून अहवाल द्यावा, असा वरिष्ठांचा शेरा आला. आरोप खरा ठरला तर बाईंवर गुन्हा दाखल होणार होता आणि पदही जाणार होतं.

रविवारी सकाळी खबऱ्याचा फोन आला, "बाई पानशेतच्या जीपमधी बसल्या." मी, एक हवालदार आणि एक महिला पोलीस असे तिघे साध्या कपड्यांत निघालो. अकराच्या सुमारास बाई हॉटेलाच्या मागच्या बाजूने आत शिरताना दिसल्या. पुढच्या पडवीत, मागचं दार दिसेल असं कडेचं टेबल धरून आम्ही बसलो. पुण्याहून आलेल्या गाड्यांची रांग लागली होती. नुसतं बसून राहिलो असतो तर संशय आला असता, म्हणून पिठलं आणि तांदळाची भाकरी मागवली.

"साहेब, भाकरी लई झ्याक हाय. पापुद्रा बघा. आनखी एक सांगू का?" हवालदार म्हणाला.

"ड्युटीवर आहेस."

"ड्युटीवरच खातोय की!"

तिघांत मिळून नऊ भाकऱ्या झाल्या. बिल मी दिलं आणि पावती घेतली.

साडेचारला बाई मागच्या दाराने बाहेर आल्या. मालकाने त्यांच्या हातात नोटा ठेवल्या. त्यांनी त्या कापडी पिशवीत टाकल्या, आणि त्याच वेळी आमच्या महिला पोलिसाने पुढे होऊन त्यांना थांबवलं. पंचांसमक्ष मोजले तर एक हजार रुपये भरले. पिशवीत एक छोटी वही, जीपचं भाडं म्हणून सुटे पैसे आणि ग्रामपंचायतीचा शिक्का होता.

चौकशी तिथल्याच एका खोलीत केली, महिला पोलिसाला समोर बसवून. बाई पस्तिशीच्या. घरी भाताची दोन खाचरं. नवरा गवंडीकाम करायचा, पण पाठीच्या दुखण्याने घरी बसलेला.

"पैसे कसले?"

"बचतगटाचं."

मालकाला वेगळं विचारलं. तो म्हणाला, "हातउसने दिले."

एकाच रकमेची दोन उत्तरं आली की पोलिसाला बरं वाटतं. मलाही वाटलं. आता धागा सापडला, असं समजून मी वही उघडली. प्रत्येक रविवारपुढे आकडा होता. एक हजार, एक हजार, पाचशे, एक हजार.

मला आकड्यांची खोड आहे. घरखर्चाची वहीसुद्धा मीच लिहितो. तो पाचशे डोळ्यांत खुपला. मी त्यांच्या ग्रामसेवकाला फोन करून त्या आठवड्याची नोंद वाचायला सांगितली. त्या शनिवारी ग्रामपंचायतीची खास बैठक होती आणि बाई अध्यक्षस्थानी होत्या. म्हणजे हजार रुपये शनिवार-रविवार अशा दोन दिवसांचे होते, आणि त्या आठवड्यात त्या इथे एकच दिवस आल्या होत्या. लाच हजेरीप्रमाणे कापली जात नाही. मजुरी कापली जाते.

ग्रामसेवकाने न विचारता आणखी एक नोंद वाचली. हॉटेलमालकाचा अर्ज कागद अपुरे म्हणून त्याच बैठकीत परत केला होता, बाईंच्या सहीने.

मी वही मिटली. तोवर आमच्या महिला पोलिसाचं लक्ष भलतीकडेच गेलं होतं. "साहेब, त्यांच्या बांगड्यांच्या आत बघा. पीठ वाळलंय." मग ती बाईंकडे वळून हळूच म्हणाली, "ताई, दिवसाला किती थापता?"

बाईंनी बांगड्या पदराखाली झाकल्या. "दीडशे. सुट्टी जोडून आली तर दोनशे."

 हवालदाराने विचारलं, "मंग आमाला आल्या त्या...?"

"म्याच केल्या. वेटर म्हनला, भाईर पोलीस बसल्यात, केस बारीक हायेत. म्हनून जरा मोठ्याच थापल्या."

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी नाही हसलो. जिला पकडायला आलो होतो, तिच्याच हातच्या भाकऱ्या खात मी पाच तास तिच्यावर पाळत ठेवली होती. पोलीस आहेत हे माहीत असूनही ती आमच्या डोळ्यांदेखत पैसे घेऊन निघाली होती. लाच घेणारं माणूस असं करत नाही, हे मला आता कळत होतं.

"मग खोटं का सांगितलंत? कष्टाचे पैसे आहेत."

"साहेब, सरपंचानं पैसं खाल्लं तर गाव चार दिवस बोलतं. भाकऱ्या थापल्या कळलं तर पाच वर्षं हसंल. उद्या म्या ठेकेदाराला म्हनलं, रस्ता नीट कर, तर तो म्हनंल, आधी दोन भाकऱ्या टाक. म्हनून मालकाला देवाची शपथ घातली व्हती."

"आणि गरज काय होती?"

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि मागून उघडली. तिथे गेल्या महिन्याचा खर्च होता. तालुक्याला सहा फेऱ्या, नऊशे. पुण्याला दोन, सातशे. मोबाईल तीनशे. झेरॉक्स दोनशे. येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा बाराशे. सरपंच म्हणून चार लग्नांत आहेर, हजार. बाळंतीण दवाखान्यात न्यायला जीप, आठशे. मी दोनदा बेरीज केली. पाच हजार शंभर. मानधन महिना तीन हजार, तेही पाच महिने मिळालेलं नव्हतं. त्यातला सरकारचा वाटा कधीतरी येतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातून घालायचा वाटा येतच नाही, कारण उत्पन्नच नाही. महिन्यातल्या आठ शनिवार-रविवारांच्या मजुरीचे चार हजार होत. वर शेताच्या कामाचे किती खाडे झाले, ते तिने लिहिलंच नव्हतं.

"लाच घेतली न्हाई, एवढंच लिवा साहेब. भाकरीचं नका लिवू."

मी नाही म्हणालो. पैसे कुठून आले हे लिहिल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही, आणि अर्जदाराला तो मागता येतो. मी हे त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं. "व्हय? मंग तुमच्या कागदातनं कळायच्या आदी म्याच सांगते."

पुढच्या ग्रामसभेला मी बंदोबस्ताच्या निमित्ताने गेलो. शाळेचं पटांगण भरलं होतं. माजी सरपंच उठले. "सरपंचबाई दर रविवारी कुठं जात्यात, गावाला कळू द्या."

बाई उभ्या राहिल्या. वही हातात होती. "हाटेलात जाते. भाकऱ्या थापते. शनवारी बी जाते." आणि त्यांनी महिन्याचा खर्च ओळीने वाचून दाखवला. कोणाच्या बाळंतिणीची जीप, तेसुद्धा वाचलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, पार्सल मिळंल का?" चारदोन पोरं फिदीफिदी हसली. बाईंचा चेहरा पडला. मी खुर्चीवरून अर्धा उठलो. पण मला काही करावं लागलं नाही.

पुढे बसलेली एक म्हातारी मागे वळली. "हासतोस काय रं मुडद्या? तुज्याच बायकूची जीप व्हती ती!" मग तिने माजी सरपंचांकडे हात केला. "हिनं भाकऱ्या थापून भागवलं. ह्यांनी पाच वर्सं कशावर भागवलं, त्ये इचारा की आता."

सगळं पटांगण एकदम तिकडे वळलं. माजी सरपंचांच्या हातात बुलेटची किल्ली फिरत होती. ती थांबली. "काम हाय जरा," असं काहीतरी पुटपुटत ते बाहेर पडले. मग बाहेर बुलेट सुरू झाल्याचा आवाज आला.

त्या सभेने ठराव केला: सरपंचांना कामाचा प्रवासखर्च तिकीट किंवा पावती दाखवून मिळावा, मानधन महिन्याच्या महिन्याला मिळावं, आणि चहा-आहेराची अपेक्षा गावाने सरपंचाकडून धरू नये. ठराव वर गेला. तरतूद तपासावी, असा शेरा मारून तो परत आला. पुढे मानधन वाढलं, हे मी वाचलं. वेळेवर मिळतं का, ते माहीत नाही. सरपंचाकडचा चहा मात्र त्या गावात बंद झाला. त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नव्हती.

नोकरीभर मी माणसांना एकच प्रश्न विचारत आलो. हे जादा पैसे कुठून आले? एवढ्या थोड्यात कसं भागवता, हे कधी कुणाला विचारलं नाही. माजी सरपंचांनी पहिल्याच दिवशी, माझ्याच टेबलासमोर, तीन हजारांत कोण भागवतो असं म्हटलं होतं. तेव्हाच त्यांना उलट विचारायला हवं होतं. ते काम एका म्हातारीने केलं. ज्या पदाचा खर्च पदातून निघत नाही, ते पद एकतर पैसेवाल्याकडे जातं, नाहीतर पैसे खाणाऱ्याकडे. तिसरं माणूस असतं, पण ते मागच्या दाराने जातं आणि चुलीपुढे बसतं. आपण त्याच्यावर पाळत ठेवतो.

अहवाल मी ग्रामसभा झाली त्याच आठवड्यात दिला. सदर रक्कम भाकरी करण्याच्या मजुरीची असल्याचे निष्पन्न झाले. आरोपात तथ्य नाही. त्याच दिवशी माझं प्रवासभत्त्याचं बिलही लावलं, ठाणे ते पानशेत आणि परत. ते महिन्याभरात मंजूर झालं. तिला पकडायला मी गेलो, त्याचा खर्च सरकारने दिला. गावाच्या कामाला ती पुण्याला गेली, त्याचा खर्च तिने भाकऱ्या थापून काढला. अहवाल आणि बिल, दोन्ही कागदांवर माझी सही आहे.