तारोडीच्या ताडाच्या चार प्लेटा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. माझा भाईंदरला फोटो स्टुडिओ आहे. खुर्चीमागे धूसर बाई उभी असलेले फोटो कसे करतात ते मला पक्कं ठाऊक आहे... गिऱ्हाइकांच्या हौसेखातर मीच केलेत! तेव्हा 'फोटोची काचेची प्लेट दोनदा वापरली असेल' हे शहाणपण कृपा करून मला कुणी शिकवू नये.

गोष्ट महायुद्धाची लढाई सुरू होण्याआधीची. ओळखीच्या एका डॉक्टरांकडे मी फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांचं पुस्तक पाहिलं. एकच मळा, एकाच जागेवरून, सगळ्या ऋतूंत टिपलेला. पाहून माझा जळफळाट झाला. त्यांच्या वाइनचं एवढं कौतुक, मग आमच्या ताडीनं काय घोडं मारलंय? सायकलला कॅमेरा आणि तिवई बांधली आणि मुर्धा, राई, डोंगरी करत तारोडी गाठली.

समुद्राकडची एक वाडी मनात भरली. मधोमध सगळ्यांत उंच ताड, बाजूला विहीर. वाडी पासकीनबायची. तिचा नवरा मार्तिन ताडी काढायचा. आदल्या पावसाळ्याच्या तोंडाशी तो याच ताडावरून पडून गेला होता.

"काढा फोटो," ती म्हणाली. "पन लवकर काढा. माझा दीर झाड तोडाला टेकलाय."

दीर म्हणजे इनास. तोही ताडी काढणारा. जे झाड चढलेला माणूस सुखरूप उतरवत नाही ते ठेवायचं नाही, अशी तिथली रीत. ते उभं असेपर्यंत वाडीतल्या इतर झाडांवरही कुणी चढेना. पासकीनबायची चूल त्या झाडांवर, तरी ती कुऱ्हाड लावू देईना. कारण विचारलं तर म्हणे, "मना न्हाय पटत." बस्स. हट्टी बाई! मला ती तिथेच आवडली.

आणखी एक रीत सांगायला हवी. चढणारा आधी खालून हाळी देतो, "चढतोय ओऽऽ!" कारण वरून विहिरीवर आंघोळ करणाऱ्या बाया दिसतात. त्या मग आवरून बाजूला होतात. खाली आला की "उतरलो ओऽऽ!" की पुन्हा मोकळ्या. मार्तिननं शेवटच्या दिवशी 'चढतोय' म्हटलं होतं. 'उतरलो' राहून गेलं. तेव्हापासून त्या विहिरीवर एकही बाई आंघोळीला बसली नव्हती. मला हा शुद्ध खुळेपणा वाटला, आणि तसं मी तोंडावर बोललोही.

पहिली प्लेट थंडीत घेतली. स्टुडिओत धुतली, तर ताडाच्या शेंड्याखाली माणूस! पायात दोरीचा फास, कमरेला मडकं. वाऱ्यानं झावळ्या हललेल्या, फोटोत पुसट आलेल्या. माणूस मात्र खणखणीत स्पष्ट. पण झाडावर तर कुणीच नव्हतं...

मी प्लेटांच्या दुकानदाराशी भांडलो. उन्हाळ्यात दुसऱ्या दुकानातून पेटी आणली, लेन्सही उसनी घेतली. माणूस पुन्हा आला — या वेळी खोडाच्या मध्यावर. पावसाळ्यात, छत्री धरून काढलेल्या प्लेटमध्ये, आणखी खाली. मी कुणाला दाखवलं नाही. घाबरलो नव्हतो, चिडलो होतो. माझ्या कॅमेऱ्यात मला न विचारता कोण येतो?

पाऊस सरल्यावर चौथ्या प्लेटसाठी गेलो, तर इनास कुऱ्हाड घेऊन उभा. चार माणसं दोर धरून. विहिरीपाशी बायांची गर्दी. पासकीनबाय खोडाला पाठ लावून उभी होती. माझं वर्षभराचं काम डोळ्यांदेखत आडवं होणार! मी पिशवीतले तिन्ही प्रिंट काढून तिच्या हातात दिले. "हे बघा. मला उलगडत नाही, तुम्हाला उलगडतंय का सांगा."

तिनं ते विहिरीच्या ओट्यावर ओळीनं मांडले. एकेकावर बोट ठेवत गेली, वर, मध्ये, खाली.

"इनास, ह्ये बघ. उतरतोय तो."

इनास वाकला. 

"उतरू दे त्याला," ती म्हणाली. "मानूस झाडावर हाय. तू कुऱ्हाड घालशील?"

इनासनं कुऱ्हाड खाली ठेवली. "न्हाय वहिनी. माझा भाऊ वर असताना न्हाय."

एवढी माणसं, सगळी चौकटीबाहेर सरली.  मी तिवई लावली, काळ्या कपड्यात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर ताड उलटा दिसत होता, रिकामा. कपड्याखालीच काचेच्या जागी प्लेट सरकवली, बटण दाबलं, आणि तेवढ्यात अगदी जवळून, दमलेल्या पण खुशीतल्या आवाजात —

"उतरलो ओऽऽ!"

मी कपडा फेकला. इनास मातीत बसला होता, कपाळावर हात नेऊन क्रुसाची खूण करत होता. कुणाचंच तोंड उघडं नव्हतं. एकटी पासकीनबाय बोलली, रोज बोलत असेल तशी, "ये. पेज काढलीय." आणि मग मोठ्यानं रडली.

विहिरीवर एका म्हातारीनं अंबाडा सोडला. डोक्यावर पाणी ओतून घेतलं. मग दुसरीनं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

"आता तोडू?" इनासनं दबक्या आवाजात विचारलं.

"आता कशाला?" डोळे पुसत ती उसळली. "उतरवला ना झाडानं मानूस! रीत तुझीच हाय." त्याच आठवड्यात इनास हाळी देऊन त्या ताडावर चढला. आज लढाईही संपली, झाड उभं आहे.

नंतर एका संपादकानं चित्रं छापायची तयारी दाखवली. अट एकच, तो माणूस खरवडून काढायचा. मी चित्रं परत आणली. जे प्लेटवर आलंय ते राहील. कसं आलं, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, पण आधी स्टुडिओत येऊन प्लेटा हातात घ्याव्यात.

पासकीनबायला मी म्हटलं होतं, हवा तो फोटो घ्या. तिनं चौथा उचलला. रिकामा ताड, खाली कुणी नाही. मी म्हटलं, "अहो, यात मार्तिन नाही."

"त्या तिघांत तो कामावर हाय," ती म्हणाली. "ह्यात घरी आलाय."