इंचभर मोठा ट्रे

घोटीहून सकाळच्या बसने येणारे आमचे मिस्त्री कामाआधी भिंतीवर बोटांनी टकटक करून कान देतात. बोलतात कमी, आणि बोलले की प्रत्येक गोष्ट दोनदा. "बसंल, बसंल."

आमच्या नाशिकच्या फ्लॅटमधलं बाथरूम चिंचोळं. त्यात शॉवरखाली उभं राहायला तयार उथळ ट्रे बसवायचा होता. मिस्त्री म्हणाले होते, "टाइल लागू द्या साहेब, मग माप घ्या, मग माप घ्या." मी कसला ऐकतोय! उघड्या भिंतींचं माप घेऊन ट्रे मागवला. टाइल लागल्या आणि तो इंचभर मोठा ठरला.

बायको बघायला आली. "माप कोणी घेतलं?"

"मिस्त्रींनी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भिंत वाकडी हाय ताई, भिंत वाकडी हाय," म्हणत छिन्नी उचलली आणि स्वतःच लावलेल्या टाइल फोडायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत भिंतीत खाच करून ट्रे बसवला. दिवसभर तो आवाज ऐकत मी बेडरूममध्ये बसलो. त्यांना चहा द्यायलाही धजलो नाही.

काल समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी विचारलं, "आमच्याही बाथरूमचं काम काढायचंय. तुमच्या मिस्त्रींचं माप चुकतं म्हणे?"

"माणूस चांगला आहे हो," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.