चौसष्टला नाही म्हणणाऱ्या बाई

बाईंना वजनकाट्याची गरज नसे. समोर आलेल्या माणसाकडे त्या एकदा वरपासून खालपर्यंत बघत आणि किलोचा आकडा सांगून मोकळ्या होत. आमची ओळख इंग्लंडात, लीड्समधल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. मी प्रसादाची वाटी घेऊन रांगेतून बाहेर पडत होते, तेवढ्यात निळ्या साडीवर जाड कोट घातलेली एक बाई माझा रस्ता अडवून म्हणाली, "अठ्ठावन्न. आणि डाव्या पायावर भार टाकत नाहीस तू. फिजिओथेरपिस्ट ना? मग स्वतःचा गुडघा कोणाला दाखवणार आहेस, गणपतीला?" आकडा बरोबर होता. गुडघाही.

त्या मिरजेच्या. सत्तरच्या दशकात इथल्या हॉस्पिटलात आल्या आणि तीस वर्षं भूल देत राहिल्या. भूल देणाऱ्याचं सगळं गणित किलोवर चालतं. "बारा किलोचं पोर आणि नव्वद किलोचा बाप्या, दोघांना एकच डोस दिला तर एक झोपेल आणि एक कधीच उठणार नाही," असं त्या ज्युनिअर डॉक्टरांना सांगत. सांगत कसल्या, अंगावर धावून जात. राग त्यांच्या नाकावरच असे. पण स्वतःच्या मानापमानासाठी त्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. शरीराशी कोणी बेपर्वाईनं वागलं, की मात्र समोरचा सर्जन असो की पुजारी, त्याची खैर नसे.

बॉक्सिंगमध्ये त्या शिरल्या त्या रागापायीच. एका आजारी सहकाऱ्याच्या बदली म्हणून एका रविवारी दुपारी हौशी बॉक्सरांच्या लढतींना डॉक्टर म्हणून गेल्या, आणि तिथला दुसरा डॉक्टर रिंगकडे पाठ करून सँडविच खाताना त्यांना दिसला. "दोन माणसं एकमेकांच्या डोक्यात मारतायत आणि हा काकडी चावतोय! मग म्हटलं, मीच बसते इथे." पुढची अकरा वर्षं बसल्या. मंडळात यावरून कुजबुज चाले. या वयात मारामाऱ्या बघायला जातात म्हणे! बाईंना ते ऐकू येई आणि त्या मुद्दाम रविवारच्या कार्यक्रमातून उठून जाताना मोठ्यानं सांगत, "चालले हो मारामारीला!"

मलाही त्यांनीच तिकडे ओढलं. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. नागपूरहून वर्क परमिटवर येऊन मला वर्षच झालं होतं. चर्चच्या हॉलमागे एक क्लब होता, त्यांना फुकटात काम करणारी फिजिओ हवी होती. तिथे डॅनी भेटला. तेवीस वर्षांचा, पेशानं पोस्टमन, रोज सकाळी चढउतारांच्या गल्ल्यांतून टपाल वाटणारा. वजन एकोणसत्तर किलो आणि डावा हात असा की निघाला कधी ते कळायचं नाही, परत गेलेला तेवढा दिसायचा. बाई कोणाचं कौतुक करत नसत. डॅनीचा सराव बघताना मात्र त्यांचे ओठ हलत. त्या त्याचे ठोसे मोजत असत.

त्या हिवाळ्यात डॅनीनं वजनं उचलायला सुरुवात केली. डबेच्या डबे प्रोटीन पावडर प्यायला आणि वसंतात पंच्याहत्तर किलोचा होऊन आला. खांदे असे की टी-शर्टची शिवण उसवावी. क्लबातले सगळे त्याच्या दंडांना हात लावून बघत होते. प्रशिक्षक फ्रँक खूश होता. बाईंनी स्टॉपवॉच काढलं. "तीन राउंड बॅगवर मार. ही मुलगी मोजेल." मी मोजले. पहिल्या राउंडला बॅग छतापर्यंत हादरली. दुसऱ्या राउंडला डॅनी तोंडानं श्वास घ्यायला लागला. तिसऱ्याला हात छातीखाली आले, ठोसे पहिल्याच्या निम्मेसुद्धा भरले नाहीत, आणि जे बसत होते ते लांबून येताना मलाही दिसत होते.

"आता ऐक," बाई त्याची नाडी धरून म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी तीस वर्षं इथे यॉर्कशरात राहूनही मिरजेचंच होतं. "स्नायू म्हणजे घरात आणून ठेवलेले पाहुणे. कामाला लागले तर ठीक, नाहीतर बसून खातात. तुझं हृदय तेवढंच आहे, फुफ्फुसं तेवढीच आहेत, आणि तू खाणारी तोंडं वाढवून ठेवलीस. प्रत्येक ठोशाला तुला हा दंडसुद्धा उचलून न्यावा लागतो, परत आणावा लागतो. एक ठोसा जड झाला, कबूल. पण शंभरावा ठोसा मारायला तू शिल्लक राहणार आहेस का?"

"पण माझी ताकद वाढलीय, डॉक," डॅनी धापा टाकत म्हणाला.

"ताकद पायांतून आणि कमरेतून येते. हे आरशासाठी आहे. आरसा तुला उलटा मारत नाही."

तो हसला, पण त्यानं ऐकलं. चार महिने धावला, दोरीवर उड्या मारल्या, पोटभर जेवून हळूहळू एकोणसत्तरवर आला. पायांत आणलेली ताकद राहिली, खांद्यांवरचं ओझं गेलं. त्या उन्हाळ्यात तो सलग लढती जिंकला, आणि शेवटच्या राउंडमध्ये त्याचा वेग पहिल्यासारखाच असायचा. बाई घरून मेथीचे ठेपले करून आणत आणि त्याच्यासमोर आदळत. "खा. हे वजन चालेल."

फ्रँकनं तिथे थांबायला हवं होतं. पण लढती वजनाच्या गटांप्रमाणे होतात; क्लबात एकोणसत्तर किलोच्या गटात आणखी एक चांगला बॉक्सर होता आणि त्याखालच्या चौसष्टच्या गटात कोणी नव्हतं. चॅम्पियनशिपला दोन्ही गटांत आपले लोक हवेत, म्हणून त्यानं डॅनीला चौसष्टवर उतरवायचं ठरवलं. "खालच्या गटातली पोरं लहान असतात, तू त्यांना खाऊन टाकशील." इतकं सोपं! पाच किलो म्हणजे जणू अंगावरचा कोट, काढून खुंटीला लावायचा.

डॅनीच्या अंगावर काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानं पाणी काढलं. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या अंगाला गुंडाळून तो धावायचा. कढत पाण्याच्या टबात बसायचा. टपालाच्या गाडीत एक बाटली ठेवायचा आणि दिवसभर तिच्यात थुंकायचा. ती बाटली मी पाहिली होती. त्याच्या पोटऱ्यांना गोळे येत, ते मीच चोळून सोडवत होते. "बाईंना सांगू नकोस," तो म्हणाला, आणि मी सांगितलं नाही.

लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर बरोबर चौसष्ट भरले. फ्रँकनं टाळी वाजवली. पुढची पायरी वैद्यकीय तपासणीची. बाईंनी डॅनीची जीभ बघितली, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्याला झोपवून नाडी मोजली, मग उभं करून मोजली. उभं राहताना त्यानं टेबल पकडलं.

"हा आज लढणार नाही," बाई म्हणाल्या.

"वजन बरोबर आहे!" फ्रँक ओरडला. "चार तास आहेत, पाणी पिईल की!"

"काटा खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. घामातून चरबी जात नाही, रक्तातलं पाणी जातं. ते चार तासांत परत येत नाही. याचं हृदय आत्ता नुसतं उभं राहायला धावतंय. हात जड होतील, पाय उशिरा हलतील, ठोसा दिसेल पण डोकं हलणार नाही. आणि तो ठोसा ज्या मेंदूवर बसेल तोही कोरडाच आहे. तुला समजतंय का मी काय बोलतेय, मूर्ख माणसा?"

हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं. डॅनी रडत होता. त्याची आई लढत बघायला सुट्टी घेऊन आली होती. बाईंनी फॉर्मवर नकार लिहिला आणि पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

पंधरा दिवसांत क्लबाकडून बॉक्सिंग संघटनेकडे बाईंविरुद्ध तक्रार गेली. त्यात वजनाबद्दल शब्दही नव्हता. डॉक्टरांचं वर्तन आक्रमक आहे, भाषा अपमानास्पद आहे, खेळाडू घाबरतात, असं बरंच काही होतं. संघटनेच्या समितीची बैठक झाली. तिथे चहा होता, बिस्किटं होती आणि फार सभ्य आवाजात बोलणारी पाच माणसं होती. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. अध्यक्षांनी मला विचारलं, "तुमच्या मते त्या दिवशी बॉक्सरची प्रकृती लढण्यास अयोग्य होती का?"

मला बाटली आठवत होती, गोळे आठवत होते. मला कोणी धमकावलं नव्हतं. परमिटचं नूतनीकरण तोंडावर होतं आणि कुठल्याही कागदावर आपलं नाव नको, एवढीच एक भीती होती. मी म्हणाले, "मी डॉक्टर नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्या उठल्या, कोट घातला आणि निकालाची वाट न बघता बाहेर गेल्या. मला त्यांच्याच गाडीतून घरी सोडताना म्हणाल्या, "तुझं वाक्य खरं होतं. म्हणून जास्त चीड येते. खोटं बोलली असतीस तर पकडता तरी आलं असतं."

त्यांना लढतींवरून काढलं. आभाराचं पत्र पाठवून काढलं. ते पत्र त्यांनी माझ्यासमोर फाडलं, आणि मी क्लब सोडत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "सोडू नकोस. बघत राहा. बघायची तुला सवय आहेच."

पुढच्या वसंतात डॅनी पुन्हा चौसष्टवर उतरला. नव्या डॉक्टरनं रक्तदाब घेतला, डोळ्यांत टॉर्च मारला, सही केली. मी कोपऱ्यामागे बर्फाची पिशवी घेऊन उभी होते. पहिला राउंड त्यानं जिंकला. दुसऱ्यात तो डावा हात, निघाला कधी ते न कळणारा, वाटेतच रेंगाळायला लागला. तिसऱ्यात समोरच्यानं मारलेला उजवा काही फार मोठा नव्हता. मागच्या उन्हाळ्यातला डॅनी त्याखालून हसत निघून गेला असता. त्याला तो दिसला. मी शपथेवर सांगते, त्याला तो दिसला. डोकं हललं नाही. तो दोरांवर बसल्यासारखा झाला, उठला, कोपऱ्यापर्यंत चालत आला आणि "माझा हात कुठे आहे?" असं विचारून माझ्या पायांशी कोसळला.

मेंदूत साकळलेलं रक्त सर्जननी काढलं. डॅनी वाचला. डावी बाजू लुळी पडली.

बाई दुसऱ्या दिवशी वॉर्डात आल्या. कॉरिडॉरमध्ये फ्रँक तोंड झाकून रडत होता. त्याला कोणी खांद्यावर हात ठेवून समजावेल अशी वेळ होती. बाईंनी त्याच्या मांडीवर कोरे कागद टाकले. "रडू नकोस, लिही. शेवटचं पाणी कधी प्यायला, रोजचं वजन किती, कुणाच्या सांगण्यावरून. पुढच्या पोराच्या वेळी तुझे अश्रू उपयोगी पडणार नाहीत, हे पडेल." मग माझ्याकडे वळल्या. "तूही लिही. आता तरी."

मी चार पानं लिहिली. बाटली, पिशव्या, गोळे, समितीपुढचं माझं वाक्य, सगळं. बाईंनी उभ्या उभ्या वाचलं. "इंग्रजीत लिहिलंस म्हणून चार पानं लागली," त्या म्हणाल्या. "मराठीत एका शब्दात झालं असतं. भ्याले." आणि डॅनीच्या प्रकरणाची चौकशी सुरू झाली तेव्हा ती पानं स्वतः नेऊन दिली. फ्रँकचं प्रशिक्षकपण गेलं. सभ्य आवाजाची पाच माणसं तशीच राहिली. आजही त्यांचा विचार आला की माझ्या मुठी वळतात.

डॅनी पुनर्वसनासाठी हॉस्पिटलातल्या माझ्याच विभागात आला. त्याची केस मीच मागून घेतली. बाई दर गुरुवारी यायच्या, खुर्ची ओढून बसायच्या आणि त्याला रागवायच्या. "हात नाही हलत? मग खांदा हलव. खांदा नाही? मग शिव्या दे, पण थांबू नकोस." डॅनीनं पहिला चमचा डाव्या हातानं तोंडापर्यंत नेला तेव्हा त्यांनी त्याला शाबासकी दिली नाही. दुसरा चमचा भरून पुढे केला.

निवृत्त झाल्यावर त्या मिरजेला परत गेल्या. निघण्याआधी मी भेटायला गेले, पाया पडले, आणि माफ करा म्हणाले. "मी कोण माफ करणारी? माझा हात नाही गेलेला," त्या म्हणाल्या, आणि पुस्तकांच्या खोक्याला चिकटपट्टी लावत राहिल्या. मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांनी पट्टीचं दुसरं टोक माझ्याकडे दिलं. आम्ही सगळी खोकी बंद केली. 'माझा हात नाही गेलेला' हे शब्द मात्र त्यांनी मागे घेतले नाहीत.

दिवाळीला मी मिरजेला फोन केला. त्यांना धाप लागत होती; त्या आजारी होत्या आणि आजार बराच पुढे गेला होता, हे मला नंतर कळलं.

"डॅनी जिना चढतो का?" त्यांनी विचारलं.

"चढतो, बाई. दहा पायऱ्या. कठडा धरून."

"घरात किती आहेत?"

"तेरा."

"मग मला फोन कसला करतेस?" त्या ओरडल्या, खोकल्या, आणि पुन्हा ओरडल्या. "तीन राहिल्यात! जा!"

फोन आपटल्याचा आवाज आला. बाई गेल्याचं मला जानेवारीत कळलं, तेव्हा मी डॅनीच्या घरी जिन्याखाली उभी होते आणि तो बाराव्या पायरीवर होता. मी त्याला खाली बोलावलं नाही. तेरावी चढेपर्यंत थांबले, आणि मग सांगितलं.