टेकडीवरचा माठ

माझा स्वभावच काळजीचा. अमरावतीच्या घराला कुलूप लावून निघाले की बडनेरा यायच्या आत शेजारणीला फोन करून कुलूप ओढून बघायला सांगते. त्यामुळे आमच्या गावात 'वारसा पर्यटन' येतंय हे कळल्यावर मला धाकधूक वाटायला लागली, तेव्हा घरच्यांनी ती मनावर घेतली नाही. रस्ता होईल, चार लोक येतील, चार पैसे मिळतील, यात रडण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांचं म्हणणं. मला फक्त टेकडीवरच्या माठाची काळजी वाटत होती.

गाव पातूरच्या पुढे, डोंगराला लागून. मागच्या टेकडीत कातळात कोरलेल्या दोन खोल्या आहेत. शिकलेले लोक त्यांना लेणी म्हणतात, गाव 'खोल्या'च म्हणतं. मोठ्या खोलीत आमची बौद्धवस्ती बुद्ध पौर्णिमेला वंदनेला बसते. लहान खोलीत शेंदूर लावलेली देवी आहे, तिला गावातली कुणब्यांची घरं आषाढातल्या एका मंगळवारी नैवेद्य घेऊन जातात. खोल्या मुळात कोणाच्या, हे कोणी कोणाला विचारत नसे. विचारलं की भांडण होणार, एवढी अक्कल दोन्हीकडे होती.

दोन खोल्यांच्या मधल्या ओसरीत एक माठ असायचा. आमच्या पौर्णिमेला त्यात पाणी भरायचं गावातल्या बायांनी, आणि त्यांच्या मंगळवारी भरायचं आमच्या वस्तीतल्या बायांनी. ज्याचा सण त्यानं आपलं पाणी न्यायचं नाही. आई सांगते की तिच्या लग्नाच्या आधी एक आषाढ कोरडा गेला, गावातल्या विहिरी आटल्या आणि वस्तीच्या विहिरीला तेवढं पाणी राहिलं. नैवेद्य घेऊन वर गेलेल्या बाया तहानेनं बसून होत्या, तेव्हा वस्तीतल्या कोणी एकीनं घडा नेऊन ओसरीत ठेवला आणि न बोलता खाली उतरली. त्या बाया पाण्याकडे बराच वेळ बघत बसल्या आणि मग प्याल्या. पुढच्या वैशाखात आमचे लोक वंदनेला गेले तर ओसरीत गावातल्या पाण्याचा माठ भरून ठेवलेला. तेव्हापासून हे चालू राहिलं, आणि त्याबद्दल कधी कोणी चकार शब्द काढला नाही.

माझ्या आठवणीत हे काम दोघीच करत आल्या. इकडून माझी आई आणि गावातून एक काकू. आई काकूंच्या शेतात निंदायला जायची, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून, दोघी एकमेकींना 'बाई' म्हणत तासन् तास बोलायच्या. पण आईनं काकूंच्या अंगणात कधी पाय ठेवला नाही आणि काकू आमच्या वस्तीत कधी आल्या नाहीत. निरोप असला तर आई फाटकाशी उभी राहून हाक मारायची. लहानपणी मला याचा राग यायचा. कॉलेजात गेल्यावर तर मी आईशी त्यावरून भांडायची. ती म्हणायची, "पानी पेते ना ते माह्या हातचं? मंग बस झालं."

मग कोणीतरी वरून उडत्या कॅमेऱ्यानं टेकडीचा व्हिडिओ काढला आणि रविवारच्या गाड्या सुरू झाल्या. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरं वाटलं. वस्तीतल्या बाया भाकरी, ठेचा, झुणका करून विकायला लागल्या. काकूंच्या मुलानं घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. अकोल्याच्या बसमधून उतरणारे लोक गावाचं नाव विचारत, याचं सगळ्यांना कौतुक होतं. मीसुद्धा ऑफिसात दोन-चार जणींना 'आमच्या गावी या' म्हणून बसले.

एका रविवारी मी गावी असताना पर्यटनवाली मंडळी आली. त्यातल्या एका गोड बोलणाऱ्या मुलीनं आईला विचारलं, "आजी, या माठात पाणी कोण भरतं?" आईनं सगळं सांगितलं. तिला वाटलं पोरगी तहानलेली आहे, म्हणून माठाविषयी विचारते. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं फोन काढून पुन्हा सांगायला लावलं आणि आईनं तेही केलं. मी शेजारीच उभी होते. जी गोष्ट गावानं इतकी वर्षं तोंडातून काढली नव्हती, ती आता फोनमध्ये जाऊन बसली होती.

हिवाळ्यात पर्यटनवाल्यांनी या पाण्याचा सोहळा ठेवला. ना आमची पौर्णिमा, ना गावाचा मंगळवार, पाहुण्यांच्या सोयीचा रविवार. टेकडीखाली मांडव, माईक, खुर्च्या. आई आणि काकू दोघींना एकसारखी नऊवारी नेसवली, नाकात नथ अडकवली आणि डोक्यावर फेटे बांधले. आमच्या वऱ्हाडात बायांनी फेटे कधी बांधले, हे मला कोणी सांगावं. आई मला हळूच म्हणाली, "मले लगनातल्या घोड्यावर बसवून राहिले का काय?" मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली.

सूत्रसंचालक भला माणूस असावा. पण त्यानं माईक घेतला आणि सावली, विटाळ, स्पर्श असे शब्द एकापाठोपाठ एक बोलायला लागला. या मांडवात गाव आणि वस्ती शेजारी-शेजारी बसली होती. हे सगळं खरंच होतं, मी स्वतः ते कितीदा तावातावानं बोललेली आहे. पण इथं ते पाहुण्यांसाठी सांगितलं जात होतं, आणि आईला त्यात दाखवायची वस्तू करून उभं केलं होतं. मी काकूंच्या मुलाकडे पाहिलं. त्याची मान खाली होती. आमच्या वस्तीतली पोरं दात-ओठ खात होती.

मग आईनं काकूंच्या ओंजळीत पाणी ओतलं. काकू प्याल्या. टाळ्या झाल्या. फोटोवाला म्हणाला, "काकू, अजून एकदा, इकडे बघून." काकू पुन्हा प्याल्या. तो म्हणाला, मध्ये कोणाचा तरी हात आला, एकदाच अजून. या वेळी पाणी काकूंच्या लुगड्यावर सांडलं. त्यांनी ओंजळ सोडली आणि एवढंच म्हटलं, "मले आता तहान नाही." आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

त्यानंतर जे व्हायचं ते फोनवर झालं. गावाकडचे म्हणाले, आमच्या बाईला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलं. वस्तीकडचे म्हणाले, पाणी पिऊन उपकार केले काय, आणि लेणी आमचीच आहे, देवी मागून बसवली. मग तिसरेच कोणी, ज्यांनी गाव नकाशातसुद्धा पाहिलं नसेल, ते दोन्हीकडून शिव्या घालायला लागले. टेकडीवर लावायच्या पाटीवर काय लिहायचं यावरून दोन बैठका मोडल्या. काकू शेतातल्या कामाला बाया सांगायला वस्तीकडे माणूस पाठवायच्या, तो त्यानंतर आला नाही. आईला फोन केला की मी आधी तिच्या गोळ्यांचं विचारायची आणि मग काकूंचं. दोन्हीला ती "हो हो" म्हणायची, त्यामुळे मला काहीच कळायचं नाही.

वैशाखाची पौर्णिमा आली तशी मी आदल्या दिवशीच गाव गाठलं. आईला बीपी आहे, साखर आहे, आणि अकोल्याकडचं मे महिन्याचं ऊन काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. मी पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरल्या. आईनं त्या काढून खाटेवर ठेवल्या. मी त्यातली एक ओढणीखाली लपवून नेली.

वर आता लोखंडी कठडे आहेत. ओसरीत एक मोठा रंगवलेला माठ ठेवलाय, त्यावर वारली चित्रं, तोंडाशी प्लास्टिकची फुलं, आणि शेजारी 'येथे फोटो काढा' अशी पाटी. आमचा जुना माठ मागच्या बाजूला सापडला. कठड्याच्या कामावरच्या लोकांनी तो सिमेंट कालवायच्या पाण्याला वापरला होता, काठावर सिमेंट वाळून बसलं होतं. आईनं त्यात हात घालून पाहिला. कोरडा होता. वस्तीतल्या पोरांनी थंड पाण्याचे जार आणले होते, तेव्हा बाकी कोणाचं काही अडलं नाही.

वंदना झाली, खीर झाली. आईनं खीर खाल्ली, पाणी प्यायली नाही. पांढरं लुगडं नेसून ती ओसरीत पायऱ्यांकडे तोंड करून बसून राहिली. ऊन चढत गेलं. मी बाटली पुढे केली तर तिनं ती बाजूला सारली.

"बाई येईन," ती म्हणाली.

"आई, काकूंना त्यांच्या मुलानं अडवलं असेल."

"असन."

"मग पी ना. चक्कर आली तर मी तुला खाली कशी नेऊ?"

"आज आपलं पानी नाही पेत आपुन. तुले माहीत नाही का?"

मला रडू आलं, रागानं आणि भीतीनं. माझ्या डोळ्यांसमोर तालुक्याचा दवाखाना, सलाईन, सगळं येऊन गेलं. लोक उतरायला लागले तरी काकू आल्या नाहीत. शेवटी आई उठली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरली. खाली रस्ता फुटतो, डावीकडे वस्ती, उजवीकडे गाव. ती उजवीकडे वळली. मी म्हटलं, "कुठं चाललीस?" ती चालतच राहिली.

काकूंच्या फाटकाशी ती नेहमीसारखी थांबली. मला वाटलं, आता हाक मारेल. तिनं फाटक ढकललं आणि सरळ अंगणात जाऊन निंबाखाली उभी राहिली. तिचे ओठ सुकले होते, आवाज फुटत नव्हता. तरी ती म्हणाली, "बाई, पानी दे वो."

काकू ओट्यावर गहू निवडत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या आणि आधी रस्त्याकडे पाहिलं. "कोनी फोटो तं नाही काहाडून राहिलं?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. तेवढ्यात आतून सून आली, प्लास्टिकच्या वापरून फेकायच्या गिलासात पाणी घेऊन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अंगणात यायला आईला सारा जन्म लागला, आणि द्यायचं ते यात? सुनेनं माझा चेहरा पाहिला असावा. ती चाचरत म्हणाली, "पावन्याईले आमी यातच देतो, ताई."

"हे काय पावनी हाये?" काकू म्हणाल्या. त्यांनी तो गिलास तिच्या हातातून घेऊन निंबाच्या बुडाशी ओतला आणि आत गेल्या. त्या आत होत्या तोवर घरातून मुलाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी आईचा दंड धरून उभी होते, कधी तोल जाईल याचा भरवसा नव्हता. काकू तांब्या घेऊन बाहेर आल्या, घरातला, घासून पांढरा पडलेला. आई ओट्याच्या पायरीवर बसली आणि तांब्याला तोंड लावून प्यायली. काकूंनी पुन्हा भरून आणला, तोही ती प्यायली.

"पोरगं येऊ देत नव्हतं," काकू म्हणाल्या.

"मले वाटलंच."

मग काकूंनी विचारलं, "आखाडात तू पानी आनशीन ना?"

"कुठी ठेवू? तिथं तं त्याईचा माठ हाये."

काकूंनी आत पाहिलं, दारात मुलगा येऊन उभा होता. त्याच्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "मंग इथंच आन."

मुलगा फोन खिशात घालून घरामागच्या पाहुण्यांच्या खोल्यांकडे निघून गेला.

आता आषाढ लागलाय. मी रजा टाकून गावी आले आहे. आईनं बाजारातून नवा माठ आणलाय आणि पाझरतो का ते बघायला पाण्यानं भरून दारात ठेवलाय. मी सकाळपासून त्याच्याभोवती फिरते आहे. शेवटी विचारलंच, "आई, त्या मुलानं फाटकातूनच परत पाठवलं तर?"

"तं मंग समजन," ती म्हणाली. "पन न्यावं तं लागनच ना. तिले तहान लागन."