जुन्या गावावरची बोट

डोमाजी रोहण्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. वेल्डिंग मारून झालं की काच कपाळावर चढवतो आणि लोखंड थंड होईपर्यंत कुठंतरी पाहत बसतो. कुठं, ते कोणालाच कळत नाही. गिऱ्हाईक चार वेळा म्हणतं, "डोमाजीभाऊ, कडी लावली का?" पाचव्यांदा डोमाजी म्हणतो, "आं? कोनती कडी?" अठ्ठावन्न वर्षं झाली, तरी माणूस असाच. बायको सुलोचनाबाई सांगते, लग्नातही भटजीनं याला दोनदा हलवलं होतं.

तो पाहत बसतो ते गाव आता पाण्याखाली आहे. धरण झालं, माणसं उठून इथं रोहण्यात, सरळ रस्त्यांच्या नव्या वस्तीत आली, आणि डोमाजीचं घर, विहीर, वावराकडे जाणारी पांदण, सगळं तसंच खाली राहिलं. घराला आग लागत नाही, वाळवी लागत नाही, कोणी भाड्यानं मागत नाही. डोमाजीला वाटतं, ते तिथं नुसतं झोपलंय.

अशा माणसाच्या दुकानात कैलास एक दिवस मोबाईल नाचवत आला. कैलास शाळेची व्हॅन चालवतो, आणि जगात कशाचंही टेन्शन घ्यायचं नाही असं त्यानं एकदा ठरवून टाकलंय.

"टेन्शन नको घेऊ बे डोम्या, पण हे पाह्य! बोट! वेकबोर्डिंगची! नागपूरकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं मोडीत काढली. तिच्या मागं दोरी बांधतेत, दोरीले पोट्टं धरते, फळीवर उभं राह्यते, अन् बोट अशी लाट काढते ना, का पोट्टं लाटेवरून उडते! भर्रर्र!"

तिसरा दोस्त अश्वजित. तहसीलातून कारकून म्हणून निवृत्त झाला, पण तहसील त्याच्यातून निवृत्त झालं नाही. त्यानं चष्मा पुसला. "सदर बोट सुस्थितीत आहे काय? आणि सदर बोटीचा आपल्या तिघांना उपयोग काय?"

"उपयोग? अरे, मजा! धरनावर पोट्टे येतीन, आपन फिरवू. इंजन डोम्या सांभाळन, कागद तू सांभाळ, अन् मी..."

"तू टेन्शन घेऊ नको," अश्वजित म्हणाला.

डोमाजी फोटोकडे पाहत होता. पांढरी बोट, वर लोखंडी कमान, निळी सीट. त्या निळ्या सीटवर बसलेला, वाकून खाली पाहणारा माणूस त्याला स्पष्ट दिसला. तो माणूस तो स्वतःच होता. खाली त्याचं अंगण होतं.

"घेऊ," तो म्हणाला. इतक्या लवकर तो कधीच काही म्हणाला नव्हता.

अश्वजितनं लगेच कागद काढला. तिघांची बोट, तिघांचा होकार. एकानं जरी नाही म्हटलं तरी सौदा मोडला. पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय होकार ग्राह्य धरला जाणार नाही. तिघांनी सह्या केल्या, कैलासनं तर दोनदा.

घरी सुलोचनाबाईनं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखी सुरुवात केली, "मी काही म्हनत नाई." म्हणजे आता खूप काही येणार. "घरात पंखा किरकिर करून राह्यला तो दिसत नाई, अन् यायले बोट पाह्यजे. पोहता येते का? बादलीत पाय घालाले भेता तुमी. मी काही म्हनत नाई." तिनं भाकर उलटवली. "काऊन पाह्यजे पन?"

 डोमाजी पंख्याकडे पाहत बसला.

फेब्रुवारीत पाणी उतरायला लागलं. काठावर काळा, लोण्यासारखा गाळ उघडा पडला की जुन्या गावची माणसं तिथं टरबूज लावतात. कागदावर ती जमीन सरकारची. पण माणसांनी न बोलता एक ठरवून घेतलंय, ज्याचं वावर जिथं बुडालं त्यानं तिथंच पेरायचं. बांध नाही, दगड नाही. पाण्यातून वर आलेला वठलेल्या आंब्याचा शेंडा आणि समोरची टेकडी एका रेघेत धरायची, आणि चालत राहायचं. सुलोचनाबाईला तर रेघही लागत नाही. ती अनवाणी चालते आणि एका जागी थांबते. "हे आपलं," म्हणते. कोणी भांडत नाही.

त्या सकाळी ती विळ्यानं रोपांना आळी करत होती, तेव्हा ट्रेलरवरून बोट आली. सोबत विकणारा रजत, केसांना रंग लावलेला, बोलणं अर्धं हिंदीत. "काका, बिनधास्त बैठो! मक्खन चलती है!" त्यानं बोट पाण्यात सोडली आणि स्टिअरिंगवर बसला. तिघांनी नारंगी जाकिटं घातली. अश्वजितनं जाकिटाखाली शर्ट इन केला.

"प्रस्तुत फेरी केवळ प्रात्यक्षिक समजावी," तो काठावरच्या बगळ्यांना उद्देशून म्हणाला.

बोट निघाली आणि डोमाजीच्या अंगातून जडपणा गळून गेला. धुकं अजून पाण्यावर होतं. वर आभाळ, खाली आभाळ, मधे आपण. आंब्याचा शेंडा जवळ आला. म्हणजे ही चावडी. त्या पल्याड शेजारच्या नत्थूचं घर, त्याच्या बाजूला...

"हळू," डोमाजी म्हणाला. पण कैलासला रजतनं नुकतंच एक बटण दाखवलं होतं. या बोटीच्या पोटात टाक्या असतात. त्यात पाणी भरलं की बोट बुडाशी जड होते आणि मोठी लाट काढते.

"फुल कर बे! फुल! लाट पाहू दे!" तो रजतला म्हणाला.

टाक्या भरल्या. बोटीनं नाक वर केलं, इंजिन गरजलं, आणि मागून एक गुळगुळीत, हिरवट, कमरेएवढी लाट उठली. कैलास लहान पोरासारखा ओरडला. अश्वजितच्या तोंडून त्या सकाळी प्रथमच कागदाबाहेरचा शब्द निघाला, "बाप्पा रे!"

डोमाजी मागं वळून लाटेकडे पाहत होता. ती त्याच्या घरावरून उठली होती. विहिरीपाशी थोडी रुंद झाली, मग पांदणीनं निघाली. बाभळीच्या वळणाशी तो लहानपणी वळायचा तिथंच वळली, असं त्याला वाटलं. डोक्यावर शिदोरी घेऊन कोणीतरी घरून वावराकडे जावं तशी ती घाई न करता गेली. किती सुंदर गेली! आणि वावरात पोहोचली.

"अवोऽऽ!" पाण्यावरून सुलोचनाबाईचा आवाज आला. "तुमच्याच वावरात आलं ना पानी! तीन ओळी गेल्या! मी काही म्हनत नाई, पन डोये फुटले का तुमचे?"

"इंजन बंद कर," डोमाजी म्हणाला.

रजतनं बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की जाकिटावरून टपकणारं पाणी ऐकू आलं. डोमाजीनं हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. खाली काही दिसत नव्हतं, नुसता हिरवा अंधार. पण हात गार झाला तसा त्याला ओसरीवरच्या रांजणाचा गारवा आठवला.

"मंग?" कैलासनं हळूच विचारलं. "घ्याची ना?"

"नाई."

"काऊन बे? मक्खन हाय!"

"लय चांगली हाय. पन तिचं कामच लाट काढाचं हाय." त्यानं हात बाहेर काढला. "इथं खाली लोकं राह्यत होते, कैलास. काठावर त्यायचंच पेरलेलं हाय. इथं लाट नाई काढाची."

कैलासनं पहिल्यांदाच टेन्शन घेतलेला चेहरा केला. अश्वजितनं खिशातला कागद काढला, पाहिला, घडी केली. "एकाचा नकार प्राप्त. विषय समाप्त," तो म्हणाला. मग आपल्याच आवाजात हळूच बोलला, "जाऊ दे ना डोमाजी. मजा आली पन."

काठावर उतरून तिघांनी पॅन्टचे पाय वर दुमडले आणि गाळात घुसून झोपलेली रोपं उभी करू लागले. रजत ट्रेलरची साखळी ओढत होता. सुलोचनाबाई नवऱ्याच्या शेजारी बसून बोटानं आळं कोरत होती. बराच वेळ ती खरंच काही म्हणाली नाही.

"दिसलं का?" तिनं मग विचारलं.

"काय?"

"बोट काऊन पाह्यजे होती ते मले समजत नाई का? घर दिसलं का?"

"नाई. पानी गढूळ हाय."

तिनं हात धुतले, विळाही धुतला, पदराला पुसला. "नाई घेऊन राह्यले ते बरं केलं," ती म्हणाली. "पन मले एक फेरी तं फिरवाची होती."

 डोमाजी उठला आणि ओरडला, "ए रजत! थांब! साखळी सोड. टाक्यायतलं पानी काढ सारं. अजून एक फेरी. पन बैलगाडीवानी हळू!"

सुलोचनाबाई विळा हातात घेऊनच बोटीत चढली. तो ठेवायचं तिला सुचलंच नाही. निळ्या सीटच्या कडेला ती ताठ बसली. या वेळी लाट उठली नाही, मागं नुसती एक बारीक सुरकुती. आंब्याचा शेंडा आला, गेला. चावडी गेली.

"इथंच कुठंतरी," डोमाजी पुटपुटला.

"इथंच काय? हे तं मागचं परसू!" सुलोचनाबाईनं विळ्यानं पाण्यावर दिशा दाखवली. "ए बाबू, थोडी वळव. गोठा डावीकडं सोड. मागून काऊन नेऊन राह्यला? समोरच्या दारातून जा."

रजतनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मोकळ्या पाण्याकडे. मग काही न विचारता त्यानं बोट गोठ्याला वळसा घालून समोरून आणली.